डबल बेल

बत्तीस वर्षं उभ्यानं तिकिटं फाडली,
आता बसू दे, म्हणतात.
बसलेत. सहा वर्षं झाली.
कन्नमवार नगरात, खिडकीपाशी, खुर्चीतल्या उशीला
त्यांचा खड्डा पडलाय;
तिथं मांजरसुद्धा बसत नाही.

बीपीचा पट्टा दंडावर फुगतो.
एकशे सत्तर.
"लोणच्यानं असेल."
आणि रिमोट मागतात, हातभर अंतरावरचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी गोळीचं काम करील हो,
पण चालायचं कुणी?

आज दुपारी देवघरातली घंटा घेतली,
त्यांच्या पाठीमागं जाऊन
दोनदा वाजवली.
दचकून उठले,
हात आपोआप वरच्या दांड्याकडे,
"पुढे चला, पुढे चला" करत
पार मोरीपर्यंत गेले
आणि तिथून विचारतात,
"कोण उतरायचं राहिलंय?"