टी-३२१२

खोरोगच्या प्रशिक्षणात मिळालेली वही
निम्मी लघुरूपांनीच भरलेली.
बीटीएस म्हणजे मनोरा, बीएससी त्याचा मुकादम,
मग एचएलआर, व्हीएलआर, एसएमएससी...
पाठ करताना वाटायचं, गाडीतून कुणाची तरी
अक्षरं सांडलीत, आणि शब्द पुढे निघून गेलेत.

आता बसीदच्या वरच्या कड्यावरचा मनोरा
मी एकटी सांभाळते.
नोव्हेंबरात पॅनेलवरचा बर्फ झाडूने ओढायचा,
बॅटऱ्यांवर जुनं लोकरी घोंगडं टाकायचं.
वहीत हे कुठेच नाही.

नेकबख्त दर शुक्रवारी चढून येते.
किटलीत मिठाचा दुधाळ चहा, किटली शालीत.
तिच्याकडे फोन नाही, एक नंबर आहे,
साबणाच्या वेष्टनावर लिहिलेला:
ओकिलशो, येकातेरिनबुर्ग, इमारतींना प्लास्टर करतो.
करायचा. करतो.
महाग पडलं तरी सिम इथलंच ठेवलंय त्याने.

"तुझ्या यंत्राला ठाऊक असेल ना, कुठंय तो?"
म्हटलं, मावशी, दोन नोंदवह्या असतात.
एक घरची. तिच्यातलं नाव कायम.
दुसरी पाहुण्यांची, परक्या शहराची.
आला की लिहायचं, गेला की खोडायचं.
"सहा वर्षं झाली," ती म्हणाली,
"अजून पाहुण्यांच्याच वहीत?"

मग मी तिला घड्याळाचं सांगितलं.
कुणाशी बोलायचं नसलं तरी फोन
अधूनमधून नुसतं 'आहे' म्हणतो.
त्या 'आहे'साठी एक घड्याळ लावलेलं असतं,
टी-तीन-दोन-एक-दोन,
सहा-सहा मिनिटांच्या मापाने मोजणारं.
वेळेत 'आहे' आलं नाही तर जाळं
घरी कुणालाही न विचारता लिहून टाकतं: गैरहजर.
"किती थांबतं?"
आमच्याकडे चार तास.
ती हसली. पुढचे दोन दात नाहीत तिला.
"चार तास तर मी पीठ फुगायची वाट बघते गं."

निरोप लिहायचा म्हणजे आणखी एक अडचण.
सिरिलिकमध्ये एका निरोपात सत्तरच अक्षरं बसतात,
आणि आमच्या बोलीला धड लिपी नाही.
ती बार्तांगीत बोलते, मी ताजिकमध्ये कापते:
गुडघा गेला, शेळी गेली, रागावलेय तेही गेलं.
उरलं एवढंच:
जर्दाळू सुकवलेत. तुझा वाटा छताला टांगलाय.

निरोप केंद्रात तीन दिवस थांबतो.
फोन जागा झाला नाही तर तिथेच मरतो.
मी दर तिसऱ्या दिवशी पुन्हा पाठवत राहिले,
माझ्या पैशाने. तिला सांगितलं नाही,
नवऱ्यालाही नाही.

मार्चमध्ये दरड कोसळून रस्ता बंद होता,
त्या रात्री माझा फोन एकदा थरथरला.
पोचला.
एवढाच शब्द. वाचला का, कुणी वाचला,
ते सांगायची सोय या यंत्रणेत नाही.

सकाळी कार्यालयातून यादी मागवली.
घरची वही कायमची असते हे मी खोटं बोलले होते.
महिनोन्महिने मुका राहिलेला नंबर
कंपनी धुऊन-पुसून दुसऱ्याला देते.
हा फेब्रुवारीत खुजंदला गेलाय,
कुणा शिलाईवालीकडे.

शुक्रवारी नेकबख्त आली.
मी वाक्य तयार ठेवलं होतं, सत्तर अक्षरांच्या आतलं.
ती चहा ओतत होती, मी सांगितलं.
तिने किटली खाली ठेवली, झाकण नीट बसवलं,
बराच वेळ मनोऱ्याकडे बघत राहिली.
वर लाल दिवा चालू, बंद, चालू.

"त्या बाईला जर्दाळूचा निरोप मिळाला ना?
मग आता तिला काय कळवणार,
की तुझ्यासाठी नव्हते म्हणून?"

शालीतून तिने पुडकं काढलं.
"खुजंदचा पत्ता विचार तिला.
आणि असं लिही, की नंबर तिने
बंद ठेवू नये."

मी अक्षरं मोजायला बसले.