सहा चिमटे

मे महिन्याचा तिसरा आठवडा. दुपारी बाराला पत्रा
तव्यासारखा,
आणि अकरा शाळांचे गणवेश
माझ्या डोक्यात एकमेकांत अडकलेले:
निळ्या चौकड्याच्या बाह्या खाकीला,
बार्शीची बटणं कलबुर्गीच्या शर्टाला.

वही होती की.
वहीत कामं खाली खाली सरकत,
पान उलटलं की मेलीच.
फोनवर पंचेचाळीस निरोप,
प्रत्येकाखाली माझा एकच शब्द: होतंय.
होतंय, मुळे सर.
होतंय, शेटजी, काज-बटण तेवढं राहिलंय.
होतंय, आई, संध्याकाळी आणते गोळ्या.

"ताई, आता काय घेऊ?" सुलोचना बिंगी विचारायची,
दोन हातांत दोन शाळा.
मी म्हणायचे, दोन्ही.

त्या रात्री वीज गेली. चौदा मशिनी एकदम गप्प.
बाया घरी गेल्या, मी टॉर्च लावून
उरलेल्या कॉलर मोजत बसले,
तर उजेड भिंतीवरच्या दोन लोखंडी हुकांवर पडला.
नायनाचा माग इथंच होता.
विकला तेव्हा किलोवर गेला. हुक राहिले
कारण ते निघेनातच.

चादरीचे पुठ्ठे इथून लोंबायचे,
भोकाभोकांचे, दोऱ्यानं एकाला एक शिवलेले.
एक पुठ्ठा खाली यायचा, सुया त्याला टोचून बघायच्या,
भोक सापडलं तिथला धागा वर.
मग पुढचा.
अख्खा मोर शेकडो पुठ्ठ्यांत कापून ठेवलेला,
आणि मागाला त्या घडीला
एवढा एकच पुठ्ठा माहीत.
मोर त्याला कधी कळलाच नाही.

सकाळी मी हुकापासून हुकापर्यंत
परकराची नाडी ताणली.
दोन ठिकाणी लाल रिबिनीची गाठ.
डावीकडे थांबलेलं, मधे मशिनीवरचं, उजवीकडे गेलेलं.
प्रत्येक शाळेच्या कापडाची वीतभर चिंधी,
खडूनं नग आणि तारीख.
डावीकडे टाचण्या लागतील तेवढ्या.
मधल्या भागाला मात्र चिमटे सहा.
सहाच का? गच्चीवरच्या दोरीवरचे तेवढेच धड निघाले,
बाकीचे उन्हानं हातातच मोडले.

"ताई, कपडे वाळत घाललालाव का?"
बाया हसल्या. मीही.

दहा वाजता मुळे सरांचा फोन: आमचं लावलं का?
जिभेवर आलेलं होतंय गिळलं.
नाही सर. तुमची चिंधी डावीकडे आहे, तिसरी.
"चिंधी?"
भर उन्हात स्कूटरवरून आले,
टोपी काढून नाडीखाली उभे राहिले,
बोटानं चिमटे मोजले, पुन्हा मोजले,
आणि आवाज न चढवता म्हणाले, मग शुक्रवार?
शनिवार, मी म्हटलं.
तांब्याभर पाणी प्यायले आणि गेले.

गुरुवारी सुलोचनानं चोरी पकडली.
"एका चिमट्यात दोन दिसलालेत, ताई."
कुणी घातली विचारलं नाही तिनं.
माझ्याकडे बघितलं नुसतं.
वरची चिंधी मी मुकाट्यानं डावीकडे नेली.

काम कमी झालं नाही. अकराच्या तेरा झाल्या शाळा,
पत्रा तोच, कापडाचा कीस नाकात तोच.
पण आता काय घेऊ, असं कुणी विचारत नाही.
हातातलं संपलं की मान वर होते
आणि हात आपला आपण चालू लागतो.

शनिवारी मुळे सरांची खाकी उजवीकडे गेली.
एक चिमटा रिकामा, नाडीवर जरा झुलत.
डावीकडच्या टोकाला फुलाफुलांची एक चिंधी,
तिच्यावर ना नग, ना तारीख.
"ही कुठली शाळा?"
सुलोचनाला म्हटलं, आईच्या पातळाची आहे. डोळे दाखवायचेत तिचे,
दिवाळीपासून.

टाचणी काढली. चिंधी मधे आणून
सहाव्या चिमट्यात धरली,
माझ्या मशिनीचं बटण बंद केलं
आणि दाराशी चपला शोधू लागले.