छाट

आई दिवसाला हजार विड्या वळायची.
कारखान्याच्या खिडकीत तपासनीस
मुठीनं उचलून बाजूला टाकायचा:
ही छाट. ही पण छाट.
छाट विडीला मजुरी नाही.
संध्याकाळी तोच बाहेरच्या बाकावर
त्यातलीच एक ओढत बसायचा, निवांत.

ती विडी मला आठवते
जेव्हा मी चहा ओतत असते
आणि हत्तुरे अण्णा विचारतात,
"किती मार्कांना लागलात ओ मॅडम?"
मी आकडा सांगते.
"आमच्या पोराला सात जास्त होते."
रागानं नाही, हळहळून म्हणतात.
पोरगा आता पुण्यात, काकाच्या कंपनीत.
त्या खुर्चीला बिंदूनामावली नव्हती,
काका होता.

नेमणुकीच्या पत्रात मी तंत्रज्ञ,
रजिस्टरात अजून वायरमन.
दीड वर्ष बिलांचे गठ्ठे लावतेय.
"पोलवर बाईमाणूस? पडली तर उत्तर कोण देणार?"
पडलेल्या पुरुषांचं कोण देतं
ते मी विचारलं नाही.
उपकेंद्रात संडास एक, त्याला आतून कडी नाही,
म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही.
सोलापूरचा एप्रिल. चव्वेचाळीस.

परवा रात्री अशोक चौकाकडं जंपर उडाला.
अण्णा लग्नाला अक्कलकोटला,
एक रजेवर, एक पिऊन आडवा.
साहेबांचा फोन: इरकल, जमंल का?

परमिट घेतलं. अर्थिंग केलं. बेल्ट कसला.

वरून दिसले
थांबलेल्या मागांच्या दारात बनियनवर बसलेले विणकर,
आणि लांब, हैदराबाद रोडच्या अंगाला,
विडी घरकुलाचा काळा चौकोन.
तिथं आई जागी असणार, पुठ्ठ्यानं वारा घेत.
त्यांचा फीडर शेवटी.
विजेला जात नसते म्हणतात.
खरंय.
पण ती आधी कुठं येते
ते पोलवरून दिसतं.

उतरले तोवर माग खडखडायला लागलेले.
कुणी वर बघितलं नव्हतं.

सकाळी नोंदवहीत
ऑपरेटरनं सवयीनं लिहिलेलं:
काम पूर्ण, एक चाळीस, हत्तुरे व सहकारी.

मी पेन काढलं.
'सहकारी'च्या डोक्यावर, मावेल तेवढ्या जागेत:
रेणुका बाळव्वा इरकल.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.
लग्नातला लाडू पुढं केला,
मग चहा मागवला.
किटली आली.
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
मी बिलांकडं.
ती टेबलावर तशीच
गार होत राहिली.