पळता भुई

पुंता अरेनासला वारा नुसता वाहत नाही,
माणसाची कॉलर धरतो.
चौकात दोर बांधलेत, धरून रस्ता ओलांडायला.
असल्या गावात, सत्तावन्नाव्या वर्षी,
बंदरावरचा रात्रपाळीचा पहारेकरी निबाल्दो ओयार्सो
पळायला लागला.

आधी साखर निघाली. मग डॉक्टरीणबाईंचा दम.
मग यास्नानं, मुलीनं, जेवता जेवता त्याचा फोन ओढून घेतला
आणि त्यात एक खेळ घालून दिला :
जिथून निघालात तिथं पळत परत या,
मधली जमीन तुमची.
नकाशात लगेच रंग भरतो. याचा नारिंगी.

बापाचा जन्म दुसऱ्याच्या मेंढ्या कातरण्यात गेला,
याचा दुसऱ्याच्या कंटेनरांची कुलपं तपासण्यात.
घराचा पत्रा बदलला तोही मालकाला विचारून.
आणि आता खत नाही, दस्त नाही, शिक्का नाही,
बावीस मिनिटं धापा टाकल्या की
अख्खी क्रोआता वस्ती याच्या नावावर,
बेकरीसकट.

पळता भुई थोडी होते म्हणतात.
याची वाढत होती.

तर सोमवारी जिंकलेलं कब्रस्तान
बुधवारी हिरवं.
'लंगडा पेंग्विन' नावाचं कुणीतरी
रात्रीतून येऊन सरूच्या रांगांसह उचलून घेऊन गेलं.
निबाल्दोनं दिलेली शिवी इथं लिहिण्यासारखी नाही,
पण त्या रात्री तो साडेसात किलोमीटर पळला,
मागे दोन भटकी कुत्री, छातीवर गार सामुद्रधुनी.
कब्रस्तान आणलं, तर नदीकाठ गेला.
नदीकाठ आणला, तर मासळीबाजार.
हिवाळाभर हेच.
पोट उतरलं, साखर उतरली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हल्ली खाता तरी काय?
तो म्हणाला, पेंग्विन.

ऑगस्टात हिरवा फिका पडू लागला.
दहा दिवस कुणी फिरकलं नाही की जमीन राखाडी होते, असा नियम.
बाजार, कब्रस्तान, टेकडीच्या पायऱ्या
राखाडी, बेवारस, कुणीही उचलाव्यात अशा.
त्यानं उचलल्या. पहिल्या दिवशी शीळ घालत.
चौथ्या दिवशी एक बूट घालून
तो बराच वेळ दुसऱ्याकडे बघत बसला.

मग एका पहाटे, हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला,
एक हिरवा ठिपका. बोटांनी नकाशा ताणताणून पाहावा एवढा.
अंतर साठ मीटर.
वेळ एकोणीस मिनिटं.

साठ मीटरला एकोणीस मिनिटं कशी लागतात
हे त्याला कुणी सांगायला नको होतं.
आईला त्यानं खाटेपासून खिडकीपर्यंत नेलं होतं,
तिच्या शेवटच्या जूनमध्ये.

त्या रात्रीची फेरी मोठी होती :
बंदर, तुरुंगाची भिंत, हॉस्पिटलला वळसा, परत बंदर.
पुरी झाली की आतलं सगळं नारिंगी.
तो ठिपकासुद्धा.
मनगटावर घड्याळ थरथरलं : फक्त दोनशे मीटर.
निबाल्दो थांबला.
दिव्याच्या खांबाला धरून उभा राहिला,
वाऱ्यामुळे, असं म्हणू.
मग आल्या वाटेनंच मागे फिरला. चालत.

फोननं खिशातून कळवलं :
वर्तुळ अपूर्ण. आजचे गुण शून्य.
एकेचाळीस दिवसांची साखळी तुटली.

सकाळी यास्नानं विचारलं, काय झालं काल?
वारा होता, तो म्हणाला.
इथं कधी नसतो, बाबा?
उत्तर द्यायला नको म्हणून त्यानं पाव तोंडात कोंबला
आणि नकाशा उघडला.

ठिपका सत्तर मीटरचा झाला होता.
आणि लबाडी बघा,
शेजारच्या नारिंगीतला एक बाकही गिळला होता त्यानं,
बसायला लागत असेल.

"चोर," निबाल्दो म्हणाला,
आणि टेबलाखाली पायानंच
बूट चाचपू लागला.