चुकीचा पत्ता

क्लायपेदाच्या बंदरात रात्री दोनला
क्रेनसुद्धा मान खाली घालून उभ्या असतात.
माझी पाळी. समोर चार पडदे,
त्यांवर यंत्रांच्या नोंदी सरकत राहतात:
कोण आलं, कोण गेलं, कुणी दार वाजवलं,
कुठली डिस्क भरत आली.
बहुतेक रात्री काहीच घडत नाही,
आणि तेही इथे वेळेसकट लिहून ठेवलं जातं.

या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे,
कुणाच्याच मालकीचं नाही, म्हणून थोडं माझंही.
त्याची माहितीपुस्तिका नऊशे पानांची,
लिहिणारे कोशित्सेचे, ओसाकाचे, कुठकुठचे.
इंग्रजी सगळ्यांचीच उसनी,
शेजारच्या भांड्यासारखी
घासून परत करायची.

मी कोड लिहीत नाही. स्पेलिंगं घासते.
'सेपरेट'मध्ये ए हवा तिथे ई,
'ऑकर्ड'ला एक आर कमी,
कुठे 'द' लागोपाठ दोनदा,
जणू लिहिणारा उंबरठ्याला अडखळला
आणि तेच पाऊल त्यानं पुन्हा टाकलं.

एकदा, पान चारशे बारा,
'नॉट'च्या शेवटी टीऐवजी डब्ल्यू.
म्हणायचं होतं, जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत.
छापलं होतं, आता पुसल्या जातात.
एका अक्षरानं ध चा मा.
किती वर्षं ते वाक्य तसंच उभं होतं,
किती जणांनी त्यावर विश्वास ठेवून झोप घालवली,
ठाऊक नाही. मी अक्षर बदललं
आणि गार झालेला चहा प्यायले.

आमच्या लिथुआनियनमध्ये काही अक्षरांना शेपट्या असतात.
शेपटी गाळली की कर्माचा कर्ता होतो,
जिला खाल्लं ती बकरीच खायला लागते.
शाळेत युर्गिता बाई त्या शेपट्या
लाल पेन्सिलीनं इतक्या जोरात काढायच्या
की मागच्या पानावर उमटत.

मग 'रिसीव्ह' आलं.
ई आधी, आय नंतर. पुस्तिकेत उलटं,
त्रेसष्ट ठिकाणी.
एका पाळीत सगळी सरळ केली, राडोव्हानला पाठवली.
सकाळी उत्तर:
आभार. बासष्ट घेतली. एक राहू दे.
तो शब्द नाही, सेटिंगचं नाव आहे.
माझ्या भावानं एकोणिसाव्या वर्षी टाइप केलं,
परीक्षेच्या आदल्या रात्री, घाईत.
आता हजारो यंत्रं त्याच नावानं हाक मारतात.
सुधारलं तर ओ द्यायला कुणी उरणार नाही.

म्हणजे ती आता चूक नाही, पत्ता आहे.
चुकीचा का असेना,
पत्र तिथंच पोचतं.

मी त्या ओळीखाली टीप लिहिली:
स्पेलिंग असंच आहे, असंच लिहावं.
टीप लिहिताना माझीच बोटं
तीनदा आपोआप बरोबर गेली.
खोडलं, खोडलं,
चौथ्यांदा नीट चुकले.

एप्रिलमध्ये पराग्वेहून विल्फ्रिदो नावाच्या मुलाची
पहिलीवहिली दुरुस्ती आली.
त्यानं नेमका तोच शब्द सरळ केला होता,
आणि टीप निरर्थक झाली म्हणून
टीपही काढून टाकली होती.
सोबत चार ओळी, फार जपून लिहिलेल्या:
चूक सापडली याचा आनंद आहे,
काही चुकलं असेल तर माफी.

नाही कसं म्हणावं,
याचं पान नऊशे पानांत नाही.
तासभर लिहीत बसले.
तुझं बरोबर आहे, म्हटलं, म्हणूनच घेता येत नाही.
हे खोडलं. पुन्हा तेच लिहिलं. पाठवलं.

पाठवल्यावर दिसलं,
त्याच्या नावातला एल मी गाळला होता.
विफ्रिदो.
गेलं ते, नोंदलं गेलं, तीन वाजून सतरा मिनिटांनी.

दुसरं पत्र लिहायला घेतलं
आणि त्याचं नाव
एकेक अक्षर मोजत टाइप केलं.
बाहेर खाडीपलीकडे जाणाऱ्या पहिल्या फेरीचे दिवे लागले होते.