शॉर्टवेव्ह, एकतीस मीटर

जिनिंगचा भोंगा वाजून गेला की
दौलत गेडाम मिस्त्री हात धुवायचा रॉकेलनं,
मग साबणानं, मग अंगणातल्या मातीनं,
आणि तरीही रेडिओचं बटण फिरवताना
बोटांना दुपट्ट्याचं टोक गुंडाळायचा.

एरियलच्या जाळीचं एक टोक कडुनिंबाला,
दुसरं प्रेसच्या टिनाला.
पोस्टात भरलेल्या लायसनची पावती
फ्रेम करून देवांच्या रांगेत,
जरा खालच्या खुंटीला.

शनिवारी रात्री नऊनंतर लंडन यायचं.
आधी शिट्टी,
मग तुरीच्या शेंगा भाजाव्यात तसा तडतडाट,
मग कुणीतरी फार घाईत बोलायचं,
दार आपटायचं, भर रात्री कोंबडं आरवायचं,
एक बाई किंचाळायची, काहीतरी जड पाण्यात पडायचं
आणि लोक हसायचे.
किती लोक!
घाटंजीच्या बाजारात मावणार नाहीत इतके.

"काय म्हणते बे थो?" फकीरजी ढोके विचारायचा.
सरकीच्या ढिगावर बसलेले नऊ-दहा जण
माझ्याकडे पाहायचे.
मी नववीत. इंग्रजीत बासष्ट मार्क.
गावात तेव्हा तेवढंच इंग्रजी होतं.

मला कळायचं ते 'यस' आणि 'सर'.
पण बासष्ट मार्कांची अब्रू होती,
म्हणून मी सांगायचो,
"सायबाची म्हैस हरपली.
त्यानं जावयाले धाडलं पाह्याले.
अंधारात जावई सासूलेच दावं बांधून घेऊन आला."
आणि नेमकं तेव्हाच, आईशपथ,
लंडन फुटायचं.

पुढच्या शनिवारी म्हैस कोंडवाड्यात.
त्याच्या पुढच्या शनिवारी
कोंडवाड्याचा मुन्शीच आत, म्हैस बाहेर.
"दूध किती देते थे?" फकीरजीनं विचारलं.
मी म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगतील.
तीन हिवाळे चाललं हे.
आपण कुणाच्या म्हशीवर हसतोय,
लंडनला शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

कधी आवाज विरत जायचा,
पुराच्या पलीकडून हाक यावी तसा,
आणि सगळे ढिगावरून पुढे वाकायचे.
मिस्त्री केसभर बटण फिरवायचा.
सरकी घसरायची पायांखालून.

आता जिनिंगच्या टिनावरून आरपार आभाळ दिसतं.
मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पांढरकवड्याला.
परवा भाच्यानं मोबाईलवर काढून दिला तोच कार्यक्रम.
शिट्टी नाही, तडतड नाही,
आवाज कसा धुऊन वाळत घातल्यासारखा.

सगळं कळलं.
एका कर्नलची टोपी होती, एक बहिरा बटलर होता.
पाण्यात पडायचा तो पियानो.
विनोद बरे होते. काही तर फारच बरे.
मी म्हशीची वाट पाहत राहिलो.

मग नुसतं हसणंच ऐकलं, डोळे मिटून.
त्या गर्दीत एक माणूस आहे, खोकत हसणारा,
इतरांच्या जरासा आधी.
मिस्त्री असाच.
जरासा आधी. तोंडात दुपट्ट्याचा बोळा धरून,
खांदे हलायचे तेवढे.
मी तोंड उघडण्याच्या आधी.

हिंगणघाटच्या गिरणीत
गोऱ्या फिटरच्या हाताखाली अकरा वर्षं होता तो.
हे मला ठाऊक होतं. कायमच ठाऊक होतं.

दोनदा हसायचा.
दुसऱ्यांदा सगळ्यांसोबत, मांडीवर थाप मारून,
डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
मग रेडिओ बंद, त्यावर आईनं विणलेलं झाकण,
कंदील उचलून माझ्या मागोमाग फाटकापर्यंत,
आणि अंधारात, कुणी ऐकू नये असं,
"मंग पुढं काय झालं बे, म्हशीचं?"