जमा शस्त्र, परत

निकाल लागून तीन आठवडे झाले, तेव्हा
कॅम्प पोलीस ठाण्यातून बंदूक घरी आली.
सुतळीला पुठ्ठ्याचं लेबल :
गायधनी म. वि., लॅम रोड, देवळाली,
आणि 'बारा बोअर'चं कुणीतरी करून ठेवलेलं
'बारा बोरं'.
भाऊ हसले. बऱ्याच दिवसांनी.

"आधी बघ."
रिकामी आहे, भाऊ. ठाण्यात हवालदाराने बघितली,
मी बघितली, पिशवीत घालताना पुन्हा —
"बंदूक कधी सांगते का, मी रिकामी आहे म्हणून?"
बोल्ट मागे ओढला. आत करंगळी घातली.
गार अंधार, आणि बोटाला तपकिरी डाग.
"खालच्या नळीतही बघ."
बघितलं.
मान डोलली त्यांची. हल्ली ती डोलतेच;
त्यातला होकार कुठला, आजार कुठला,
हे डोळ्यांवरून ओळखावं लागतं.

गॅलरीत द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा पसरला.
आईचा जुना पातळ सुती परकर, चौकोन कापलेला.
दात घासायचा ब्रश. पितळी ब्रशची काठी.
शिलाई मशिनच्या तेलाची चोचीची कुपी,
ती आईची, विचारून घेतलेली.
सुटे भाग मांडले सुटले त्या क्रमाने,
डावीकडून उजवीकडे,
भाऊ खुर्चीतून बोट दाखवतात, बोट भलतीकडेच जातं,
मी शब्द ऐकते.

गंज वरवरचाच. ठाण्याच्या कपाटातली ओल,
आणि कुणाच्या तरी घामेजल्या पंजाचा
पाच बोटांचा ठसा, नळीवर, उमटलेला.
चोळला तसा गेला.

पण लाकडी मूठ काढली, दट्ट्या बाहेर ओढला
तर तो येईचना.
काजळी. दगडासारखी बसलेली, थरावर थर.
ही ठाण्यातली नाही.
ठाण्यात बंदूक उडत नाही.

ही पुण्याची. सात वर्षांपूर्वीची.
उडत्या चकत्यांची शेवटची स्पर्धा,
पंचवीसपैकी अकरा, आणि परतीच्या बसमध्ये
"डोळे गेले आता" एवढंच बोलले होते.
मैदानावरून आल्यावर चहाच्या आधी
बंदूक उघडणारा माणूस,
ज्यांनी मला पाढ्यांच्या आधी
या भागांची नावं शिकवली,
त्यांनी त्या संध्याकाळी ती तशीच
कपाटात ठेवून दिली होती.
डोळे नव्हते गेले.

मी वर बघितलं नाही.
ब्रश फिरवत राहिले, कापड काळं होत गेलं,
दुसरं घेतलं, तेही.
तिकडे तोफखान्याचा सराव सुरू झाला,
स्वयंपाकघरात बरण्यांची झाकणं थरथरली.
"त्या दिवशी बोटंच ऐकेनात," भाऊ म्हणाले,
तोफांना सांगितल्यासारखं.
"स्प्रिंग तीनदा खाली पडली. मग म्हटलं, उद्या."

दट्ट्या चकाकला. कोरडाच बसवायचा तो,
तेल घातलं की काजळीला आमंत्रण.
तेल फक्त बोल्टच्या दोन कडांना,
एकेक थेंब.
कुपी मी त्यांच्या हातात दिली.
का दिली, माहीत नाही.
त्यांनी दोन्ही हातांनी धरली, श्वास रोखला,
चकती सुटण्याआधी रोखत तसा.
एक पडला कडेवर.
दोन माझ्या मनगटावर.
पुढचे चार पुठ्ठ्यावर, द्राक्षाच्या घडाच्या चित्रावर.

"पूस," म्हणाले. "जास्त झालं."
पुठ्ठ्यावरचं पुसलं.

जोडली. बोल्ट दोनदा मागेपुढे, रिकामाच.
त्यांनी डोळे मिटून ऐकलं.
"अजून थोडा घसटतोय."
मला तर काहीच ऐकू आलं नाही.
पुन्हा उघडली.

परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज
टीव्हीखालच्या खणात आहे, डॉक्टरांच्या सहीची जागा मोकळी.
माझ्या नावाचाही एक आहे, त्याच्या खाली.
तो विषय आज नको.
कपाटाला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे,
लेबल भाऊंनी मागून घेतलं,
खिशात ठेवलं, पुन्हा काढून वाचलं.

रात्री कणीक मळताना मनगटाला
मशिनच्या तेलाचा वास येत होता.
आई म्हणाली, साबण लाव.
लावते म्हटलं.